टोर रिले कसा चालवावा: जागेच्या निवडीपासून निवृत्तीपर्यंत

टोर या निनावी जाळ्याचा डेटा टोर प्रोजेक्टच्या मालकीच्या सर्व्हरांवरून वाहत नाही. ही ना-नफा संस्था सॉफ्टवेअर लिहिते. प्रत्यक्ष वाहतूक करतात ते जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या खर्चाने चालवलेले सुमारे सात-आठ हजार सर्व्हर, ज्यांना रिले म्हणतात. रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये टोर रोखायला सुरुवात केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी यांच्या मृत्यूनंतर इराणने इंटरनेटवरचे निर्बंध आवळले, तेव्हा तिथल्या असंख्य लोकांनी बाहेरच्या जगाशी संपर्क राखला तो अनोळखी माणसांच्या अशाच संगणकांच्या आधाराने. त्या संगणकांत आपल्याही एकाची भर घालावी असे ज्यांना वाटते आणि लिनक्सवर आज्ञा देऊन काम करण्याची ज्यांना थोडी सवय आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सॉफ्टवेअर बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. रिलेचा जाळ्याला खरा उपयोग होतो तो मात्र योग्य प्रकारची निवड आणि वर्षानुवर्षांची निगा यांमुळे, म्हणून या लेखात जास्त जागा त्या दोन गोष्टींना दिली आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सर्व्हरवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.

रिलेमधून नेमके काय जाते

ही कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. पुढे रॉजर डिंगलडाइन, निक मॅथ्यूसन आणि पॉल सिव्हरसन यांनी तिला आजचे रूप दिले. २००२ मध्ये टोरचे जाळे सुरू झाले आणि २००६ मध्ये टोर प्रोजेक्टची संस्था म्हणून नोंदणी झाली. टोर ब्राउझर दर वेळी तीन रिले निवडून एक सर्किट बांधतो. पहिला, म्हणजे गार्ड, वापरणाऱ्याचा आयपी पत्ता पाहतो, पण तो कोणत्या संकेतस्थळाकडे निघाला आहे हे त्याला कळत नाही. मधल्या रिलेला फक्त मागचा आणि पुढचा रिले दिसतो. शेवटचा, म्हणजे एक्झिट, संकेतस्थळाशी बोलतो, पण विचारणारा कोण हे त्याला ठाऊक नसते. एन्क्रिप्शनचा एकेक थर एकेका रिलेवर उतरतो, त्यामुळे तिघांपैकी कोणा एकाला सगळी गोष्ट जोडता येत नाही.

कोणते रिले चालू आहेत, कोणते वेगवान आहेत आणि कोणावर एक्झिटचे काम सोपवता येईल, याची यादी डिरेक्टरी ऑथॉरिटी म्हणवणारे नऊ विश्वस्त सर्व्हर दर तासाला आपसांत मतदान करून ठरवतात. आपला रिले सुरू झाला की त्याची माहिती या नऊ सर्व्हरांकडे जाते, त्यांच्यातील बहुमताने त्याला यादीत जागा मिळते, आणि ‘फास्ट’, ‘स्टेबल’, ‘गार्ड’ असे शिक्केही त्यांच्याच मतांनी लागतात. हे शिक्के स्वतःच्या सेटिंगमध्ये लिहून मिळत नाहीत.

प्रकार निवडणे

सर्वांत हलका मार्ग म्हणजे स्नोफ्लेक. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये त्याचे एक्स्टेन्शन बसवले की तुमचा ब्राउझर सेन्सॉरशिपखालच्या माणसासाठी तात्पुरता दुवा बनतो. त्याचा डेटा तुमच्याकडून टोरच्या एका ब्रिजकडे आणि तिथून नेहमीच्या सर्किटमध्ये जातो. ज्या संकेतस्थळाला तो भेट देतो, त्याला तुमचा आयपी पत्ता दिसत नाही. स्नोफ्लेक नॅटच्या, म्हणजे अनेकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवणाऱ्या व्यवस्थेच्या, मागूनही चालते, ही गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेल्या ब्रॉडबँडपैकी बऱ्याच जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही; शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवलेले असतात. अशा जोडणीवर नेहमीचा रिले चालूच शकत नाही, कारण बाहेरून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय पडून आहे, त्यांना डेबियनच्या पॅकेजमधून किंवा डॉकरमधून स्नोफ्लेकचा स्वतंत्र प्रॉक्सी दिवसरात्र चालवता येतो. सुरुवात येथून करावी, असे मी प्रत्येकाला सुचवतो.

त्यापुढचा प्रकार ब्रिजचा. ब्रिज हा जाहीर यादीत नसलेला पहिला रिले असतो. ज्या देशांत टोरची सार्वजनिक यादी पाहून सगळे पत्ते एकगठ्ठा रोखले जातात, तिथल्या लोकांना तो प्रवेशद्वार देतो. त्याला १ मेगाबिट प्रतिसेकंद इतका वेगही पुरतो आणि तक्रारी जवळजवळ येत नाहीत.

मधला रिले आणि गार्ड हे चालकाच्या दृष्टीने एकच: यंत्रणा तीच असते, आणि स्थैर्य सिद्ध झाले की ऑथॉरिटी त्याच रिलेला गार्डचा शिक्का देतात. येथे दोन्ही दिशांना किमान १० मेगाबिट प्रतिसेकंद वेग लागतो, १६ किंवा अधिक असल्यास उत्तम. महिन्याला प्रत्येक दिशेने किमान १०० गिगाबाइट डेटा देण्याची तयारी हवी. याच्या आयपी पत्त्यावरून बाहेरच्या संकेतस्थळांशी जोडणी होत नसल्यामुळे पोलीस किंवा कॉपीराइटच्या हक्कधारकांच्या नोटिसांचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तरीही पत्ता सार्वजनिक यादीत येतो, आणि काही बँका व संकेतस्थळे प्रकार न पाहता टोरच्या यादीतला प्रत्येक पत्ता अडवतात. घरच्या जोडणीवर मधला रिले चालवला, तर एखाद्या दिवशी घरातल्याच कोणाचे नेट बँकिंग अडू शकते. म्हणून घरून चालवायचे असेल तर स्नोफ्लेक किंवा ब्रिज. मधला रिले भाड्याच्या सर्व्हरवर.

एक्झिट हा सर्वांत गरजेचा आणि सर्वांत जबाबदारीचा प्रकार. त्याच्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे, पण एक गोष्ट येथेच सांगतो: एक्झिट घरून कधीही चालवू नये.

सर्व्हर कोठे घ्यावा

भाड्याचा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा स्वतंत्र वाटा) घेताना लोक किंमत पाहतात. त्याआधी कराराच्या अटी पाहाव्यात. टोर प्रोजेक्ट होस्टिंग कंपन्यांचे अनुभव एका यादीत नोंदवत असते; ती वाचावी आणि तरीही कंपनीला आधी लिहून विचारावे. प्रश्न स्पष्ट असावा: ‘मी एक्झिट नसलेला टोर रिले चालवणार आहे, महिन्याला अंदाजे इतका डेटा जाईल, आपली हरकत आहे का?’ लेखी होकार जपून ठेवावा.

डेटाचा हिशेब सही करण्यापूर्वी कागदावर करावा. १० मेगाबिट म्हणजे प्रतिसेकंद १.२५ मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद आणि महिन्याचे ३० दिवस धरले, तर एका दिशेने सुमारे ३.२४ टेराबाइट होतात. रिले जितका डेटा घेतो तितकाच पुढे देतो, म्हणजे येणारा आणि जाणारा मिळून जवळपास साडेसहा टेराबाइट. रिले चोवीस तास पूर्ण क्षमतेने भरलेला नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येतो, पण दोन टेराबाइटची मर्यादा असलेल्या स्वस्त योजनेवर वेगाला लगाम न घालता रिले सोडला तर महिना संपण्याआधीच बिल फुगते किंवा सर्व्हर बंद होतो. मर्यादा फक्त जाणाऱ्या डेटाला आहे की दोन्ही दिशांना, हे कंपनीकडून समजून घ्यावे. आकडा त्याने थेट दुप्पट-निमपट होतो.

मेमरी फारशी लागत नाही. ४० मेगाबिटपेक्षा कमी वेगाच्या रिलेला ५१२ मेगाबाइट पुरते, त्याहून वेगवान रिलेला १ गिगाबाइट आणि एक्झिटला दीड गिगाबाइट धरावी. डिस्कची गरज तर २०० मेगाबाइटच्या आसपास आहे. खरी अडचण एकाच वेळी उघड्या असणाऱ्या जोडण्यांची असते: रिलेला किमान सात हजार जोडण्या सांभाळता आल्या पाहिजेत. घरगुती राउटर बहुधा तिथेच गुदमरतात, आणि काही स्वस्त व्हीपीएसमध्येही ही संख्या वरून बांधलेली असते.

देशाची आणि कंपनीची निवड करताना आणखी एक विचार हवा. टोरचे बरेच रिले जर्मनीसारख्या मोजक्या देशांत आणि हेट्झनर, ओव्हीएच अशा मोजक्या कंपन्यांच्या जाळ्यांत एकवटले आहेत. सगळी वाहतूक दोन-तीन कंपन्यांच्या केबलींवरून जाऊ लागली, तर ती पाहणाऱ्याचे काम सोपे होते. म्हणून जिथे रिले थोडे आहेत अशा देशातील लहान, भरवशाची कंपनी थोडी महाग पडली तरी जाळ्याच्या दृष्टीने जास्त मोलाची ठरते. अमेरिकेत, युरोपात किंवा आखाती देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी तिथल्या कायद्यानुसार आपला निर्णय घ्यावा.

भारतात सर्व्हर घेणाऱ्यांनी सर्ट-इन या सरकारी यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश मुळातून वाचावेत. त्यांनुसार डेटा सेंटर, व्हीपीएस, क्लाउड आणि व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद पाच वर्षे ठेवावी लागते. संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस राखणे आणि सायबर घटनांची खबर सहा तासांत देणे यांबाबतही त्यांत बंधने आहेत. या निर्देशांमुळे त्याच वर्षी एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ मध्ये मध्यस्थांना सशर्त संरक्षण आहे, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. परंतु स्वयंसेवी रिलेचालकाला या तरतुदी कशा लागू होतील, हे सायबर कायदा जाणणाऱ्या वकिलालाच विचारावे. माझे मत असे की भारतात राहून स्नोफ्लेक किंवा ब्रिज चालवावा, आणि मोठा रिले चालवायचा असेल तर तो अशा ठिकाणी चालवावा जिथे टोर चालवणाऱ्या संस्था वर्षानुवर्षे उघडपणे काम करत आहेत.

सर्व्हर तयार करणे आणि टोर बसवणे

डेबियनची चालू स्थिर आवृत्ती नवख्यांसाठी सर्वांत सोयीची. बीएसडीची सवय असणाऱ्यांनी मात्र खुशाल बीएसडीच घ्यावी: बहुतेक रिले लिनक्सवर आहेत, आणि लिनक्समध्ये एखादी गंभीर त्रुटी निघाली तर सगळे जाळे एकदम हादरू नये म्हणून वेगळ्या प्रणालीवरचे रिले हवेच आहेत.

प्रथम एसएसएचने (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने) पासवर्ड देऊन येणे बंद करून फक्त ‘की’ने, म्हणजे गुप्त किल्लीच्या फाइलने, येणे चालू ठेवावे. घड्याळ एनटीपीने जुळते आहे याची खात्री करावी, कारण वेळ चुकली तर टोर ऑथॉरिटींची यादी स्वीकारत नाही. फायरवॉलमध्ये एसएसएचचा आणि टोरचा असे दोनच पोर्ट उघडे ठेवावेत. या सर्व्हरवर दुसरे काहीही चालवू नये. स्वतःचा ब्लॉगसुद्धा नाही.

डेबियनच्या स्वतःच्या भांडारातील टोर कधीकधी मागे पडलेला असतो, म्हणून टोर प्रोजेक्टचे भांडार जोडावे: त्याची स्वाक्षरीची की उतरवून ठेवावी, भांडाराचा पत्ता एपीटीच्या स्रोतांच्या यादीत घालावा, यादी ताजी करावी, आणि मग ‘टोर’ हे पॅकेज आणि टोर प्रोजेक्टचे की-रिंग पॅकेज अशी दोन्ही बसवावीत. की-रिंग बसवले नाही, तर पुढे की बदलल्यावर अद्यतने गुपचूप थांबतात.

त्यानंतर ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ हे पॅकेज बसवावे. ते बसवले म्हणजे झाले असे समजू नये. मुळात ते फक्त डेबियनची स्वतःची अद्यतने उचलते. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मान्य स्रोतांच्या यादीत टोर प्रोजेक्टचे नाव वेगळे लिहावे लागते, नाहीतर प्रणाली ताजी राहते आणि नेमका टोरच जुना होत जातो. ‘ड्राय रन’ पर्यायाने एकदा चालवून दोन्ही स्रोत त्यात दिसतात का ते पाहावे. फार जुनी आवृत्ती चालवणारे रिले ऑथॉरिटी यादीतून वगळतात.

टोरआरसी: मोजक्या ओळी, प्रत्येक ओळ विचारपूर्वक

रिलेचे सगळे वागणे ‘टोरआरसी’ या एका फाइलमध्ये ठरते. ‘निकनेम’मध्ये एक ते १९ रोमन अक्षरे व आकडे चालतात, मधे मोकळी जागा नको. ‘ओआरपोर्ट’, म्हणजे रिले ज्या पोर्टवर जोडण्या घेतो तो, मधल्या रिलेसाठी ४४३ ठेवावा, कारण कडक फायरवॉलमागचे लोकही त्या पोर्टवर पोहोचू शकतात. सर्व्हरला आयपीव्ही६ असेल तर त्याची ओआरपोर्टची ओळ वेगळी द्यावी. ‘सॉक्सपोर्ट’ शून्य करावा, कारण हा सर्व्हर आपण स्वतः टोर वापरण्यासाठी घेतलेला नाही. ‘एक्झिटरिले’ शून्य, आणि शंका नको म्हणून ‘एक्झिटपॉलिसी’मध्ये सर्व पत्ते व सर्व पोर्ट नाकारणारी ओळ, असे दोन्ही लिहावे.

‘कॉन्टॅक्टइन्फो’ अनेक जण रिकामे सोडतात. ते भरावेच. रिलेवर हल्ला होत असेल, सेटिंग चुकले असेल किंवा आवृत्ती जुनी झाली असेल, तर टोरचे लोक याच पत्त्यावर कळवतात. पत्ता जाहीर होतो, म्हणून रिलेसाठी वेगळे ईमेल खाते उघडावे, पण ते रोजच्या रोज वाचले जाईल अशी व्यवस्था असावी.

एकाहून अधिक रिले चालवणाऱ्यांनी ‘मायफॅमिली’ची ओळ चुकवू नये. प्रत्येक रिलेला ४० खुणांचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची कायमची ओळख, असतो. आपल्या सगळ्या रिलेंचे फिंगरप्रिंट आपल्या प्रत्येक रिलेच्या फाइलमध्ये लिहावेत, कारण नाते दोन्ही बाजूंनी सांगितले तरच मानले जाते. असे केले की टोर एकाच सर्किटमध्ये आपले दोन रिले घेत नाही. पहिला आणि शेवटचा रिले एकाच हातात आले तर येणारी आणि जाणारी वाहतूक ताडून माणूस ओळखता येतो. टोरची सारी रचना ही शक्यता टाळण्यासाठी आहे. आयपी पत्त्याचे पहिले दोन आकडे सारखे असलेले रिलेही टोर एका सर्किटमध्ये घेत नाही, पण वेगवेगळ्या कंपन्यांत विखुरलेले रिले एकाच माणसाचे आहेत हे त्याने स्वतः सांगितल्याशिवाय जाळ्याला कसे कळणार? संपर्क आणि कुटुंब न सांगता एकाच हाताने चालवलेले शेकडो रिले टोरने २०२१ मध्ये जाळ्यातून काढून टाकले. चांगल्या हेतूच्या चालकानेही ही ओळ विसरली, तर बाहेरून तो त्यांच्यासारखाच दिसतो.

वेगाला दोन प्रकारे लगाम घालता येतो. ‘रिलेबँडविड्थरेट’ आणि ‘रिलेबँडविड्थबर्स्ट’ सेकंदाचा वेग बांधतात. येथे बिट आणि बाइट यांची गल्लत फार होते: ‘एमबिट्स’ आणि ‘एमबाइट्स’ ही दोन्ही एकके चालतात आणि त्यांत आठपटीचे अंतर आहे. दुसरा मार्ग ‘अकाउंटिंगमॅक्स’चा, जो ‘अकाउंटिंगस्टार्ट’ने ठरवलेल्या तारखेपासून एकूण डेटा मोजतो आणि मर्यादा आली की रिलेला झोपवतो. हा आकडा, वेगळे काही सांगितले नसेल, तर दोन्ही दिशांची बेरीज धरत नाही; येणारा आणि जाणारा यांपैकी जो जास्त, तो मोजला जातो. म्हणून कंपनी दोन्ही मिळून दोन टेराबाइट देत असेल, तर येथे ९०० गिगाबाइट लिहावेत. महिन्याच्या वीस तारखेला झोपी जाणारा रिले मला पसंत नाही, कारण स्थैर्याचे शिक्के त्याने जातात. वेग थोडा कमी बांधून महिनाभर जागे राहणे बरे.

लॉग ‘नोटिस’ पातळीवरच ठेवावा. त्याहून खोल लॉग चालू करून ठेवणे, किंवा सर्व्हरवर पॅकेट टिपणारे कुठलेही साधन चालवणे, म्हणजे ज्यांच्यासाठी रिले उभारला त्यांचाच माग ठेवणे होय.

पहिले काही आठवडे

सेवा पुन्हा सुरू करून ‘जर्नलसीटीएल’ने लॉग पाहावा. काही मिनिटांत ओआरपोर्ट बाहेरून पोहोचण्याजोगा आहे असे सांगणारी ओळ येते आणि तिच्या शेवटी टोर ‘एक्सलंट’ असे लिहितो. ती ओळ आली नाही, तर शंभरपैकी नव्वद वेळा दोष फायरवॉलचा, आणि त्यातही बहुधा कंपनीच्या नियंत्रण पटलावर वेगळ्या ठेवलेल्या फायरवॉलचा असतो. ती ओळ दिसल्यावर सुमारे तीन तासांनी टोरच्या रिले सर्च पानावर आपले नाव शोधावे. सर्व्हरवर थेट पाहण्यासाठी ‘निक्स’ हे साधन चांगले आहे. त्यात येणारा-जाणारा डेटा आणि लॉग एकाच पडद्यावर हलताना दिसतात.

यानंतर नवे चालक हमखास निराश होतात, कारण वाहतूक अगदी तुरळक असते. हे ठरवूनच केलेले आहे. नवा रिले खोटा वेग सांगून लोकांना आपल्याकडे ओढू नये म्हणून पहिले तीन दिवस त्याला फार थोडे काम मिळते. मग वेग मोजणारे ऑथॉरिटी स्वतः त्याच्यातून डेटा पाठवून पाहतात आणि साधारण आठव्या दिवसापर्यंत त्याचे वजन हळूहळू वाढवतात. आठ दिवसांनंतर, वेग आणि सातत्य पुरेसे असेल तर, गार्डचा शिक्का मिळू शकतो, आणि नेमके तेव्हाच आलेख खाली कोसळतो. कारण असे की गार्ड झालेल्या रिलेला मधल्या जागेसाठी कमी निवडले जाते, आणि गार्ड म्हणून मात्र त्याला निवडणारे अजून थोडेच असतात, कारण प्रत्येक वापरकर्ता आपला गार्ड काही महिने बदलत नाही. पुढच्या काही आठवड्यांत नवे लोक येतात आणि रेष पुन्हा चढते. सुरुवातीपासून साधारण ६८ दिवसांनी रिले आपल्या खऱ्या पातळीवर स्थिरावतो. या काळात सेटिंग बदलत राहणे किंवा सर्व्हर वारंवार पुन्हा सुरू करणे टाळावे.

ब्रिजच्या काही वेगळ्या गोष्टी

ब्रिजसाठी टोरसोबत ‘ओबीएफएस४’ हे वेषांतराचे सॉफ्टवेअरही बसवावे लागते. ते वाहतुकीला असे रूप देते की पाहणाऱ्याला त्यात टोरची खूण सापडू नये. टोरआरसीमध्ये ‘ब्रिजरिले’ एक करावे, ‘सर्व्हरट्रान्सपोर्टप्लगिन’च्या ओळीत त्या सॉफ्टवेअरची जागा द्यावी, ‘सर्व्हरट्रान्सपोर्टलिसनअॅड्र’मध्ये त्याचा पोर्ट बांधावा आणि ‘एक्स्टओआरपोर्ट’ला ‘ऑटो’ द्यावे. दोन्ही पोर्ट आपल्या मनाने निवडावेत. ९००१ कधीही घेऊ नये, कारण तो टोरचा ओळखीचा पोर्ट आहे आणि सेन्सॉर तोच आधी चाचपतात. वेषांतराचा पोर्ट १०२४ पेक्षा खालचा ठेवायचा असेल, तर सॉफ्टवेअरला ‘सेटकॅप’ने तशी परवानगी द्यावी लागते आणि सिस्टमडीतील ‘नोन्यूप्रिव्हिलेजेस’ची बंदी उठवावी लागते. पोर्ट बाहेरून उघडा आहे का, हे टोरच्या संकेतस्थळावरील चाचणीने तपासता येते.

ज्या आयपी पत्त्यावर आधी सार्वजनिक रिले चालवला, त्याच पत्त्यावर नंतर ब्रिज उभारू नये, कारण तो पत्ता सेन्सॉरच्या यादीत कधीच गेलेला असतो. ब्रिज सुरू केल्यावर कोणी वापरत नाही असे दिसले, तरी तो काढू नये: काही ब्रिज राखीव ठेवले जातात आणि एखाद्या देशात अडवणूक सुरू झाली की वाटले जातात. आपल्या ओळखीच्या माणसाला थेट द्यायचा असेल, तर टोरच्या डेटा फोल्डरात ब्रिजलाइन नावाची मजकूर फाइल असते. तिच्यातील ओळीत आपला पत्ता, पोर्ट आणि फिंगरप्रिंट भरून ती सुरक्षित मार्गाने पाठवावी.

एक्झिट: स्वतंत्र विचार करूनच

एक्झिटच्या आयपी पत्त्यावरून जगभरच्या लोकांची वाहतूक बाहेर पडते, त्यामुळे कोणीतरी केलेल्या आगळिकीचा माग त्याच पत्त्यापर्यंत येतो. मॉस्कोतील गणिताचे अध्यापक दमित्री बोगातोव एक्झिट चालवत होते. त्यांच्या आयपी पत्त्यावरून दुसऱ्याच कोणी लिहिलेल्या मजकुरासाठी त्यांना एप्रिल २०१७ मध्ये अटक झाली, आणि २०१८ मध्ये आरोप मागे घेतले जाईपर्यंत त्यांची वर्षाहून अधिक काळ फरफट झाली. दुसरीकडे अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यातल्या लेबनन गावी किल्टन सार्वजनिक ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये रिले सुरू केला. तो होता मधला रिले, तरीही होमलँड सिक्युरिटी खात्याच्या इशाऱ्यावरून स्थानिक पोलिसांनी शंका उपस्थित केल्यावर तो थांबवला गेला. १५ सप्टेंबर २०१५ च्या बैठकीत गावकऱ्यांनी बाजू मांडली आणि विश्वस्तांनी तो पुन्हा सुरू केला. उघडपणे, संस्थेच्या नावाने आणि समाजाला विश्वासात घेऊन केलेले काम टिकते, हे त्या बैठकीने दाखवले.

म्हणून एक्झिट चालवायचाच असेल तर शक्यतो संस्थेच्या नावाने, वकिलाचा सल्ला घेऊन, कंपनीचा स्पष्ट होकार घेऊन आणि त्या कामासाठीच राखलेल्या आयपी पत्त्यावर चालवावा. त्या पत्त्याच्या उलट डीएनएस नोंदीत (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या नोंदीत) तो टोर एक्झिट असल्याचे नावातच दिसावे. पोर्ट ८० वर टोरने तयार करून दिलेले निवेदनाचे पान ठेवावे, म्हणजे तक्रार करणारा आधी तेच वाचेल. जमल्यास व्हूइज नोंदीत (पत्ता कोणाचा हे सांगणाऱ्या जाहीर नोंदीत) तक्रारींसाठी आपला ईमेल घालून घ्यावा, जेणेकरून तक्रार कंपनीकडे न जाता थेट आपल्याकडे येईल. ‘रिड्यूस्डएक्झिटपॉलिसी’ चालू केली की नेहमीच्या वापराचे पोर्ट उघडे राहतात आणि टॉरेंटची बरीचशी वाहतूक, पर्यायाने कॉपीराइटच्या नोटिसा, कमी होतात. संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे आयपी पत्ते शोधण्याचे काम सर्व्हरवरच ‘अनबाउंड’ बसवून करावे; गूगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसवर सोडू नये, नाहीतर टोरवरून कोणकोणती संकेतस्थळे पाहिली जातात याची यादीच आपण एका कंपनीच्या हाती देतो.

तक्रारीला चोवीस तासांत, शांत आणि सभ्य भाषेत उत्तर द्यावे. टोरकडे उत्तरांचे नमुने आहेत. एखाद्या दिवशी एखादा पत्ता टोरचा रिले होता का, हे दाखवणारी एक्झोनराटोर नावाची सेवाही आहे. तपास अधिकाऱ्याला तिची माहिती दिली की पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो. हे सगळे एकट्याला झेपणारे नसेल, तर सिएटलची एमराल्ड ओनियन किंवा स्वीडनची डीएफआरआय अशा एक्झिट चालवणाऱ्या संस्थांना देणगी द्यावी. जाळ्याची गरज त्यानेही भागते.

एक्झिटमधून जाणारा मजकूर पाहणे किंवा बदलणे हा विश्वासघात आहे. २०२० मध्ये काही एक्झिटचालकांनी सुरक्षित जोडणी मोडून लोकांची बिटकॉइन पळवण्याचा उद्योग केला, आणि ऑथॉरिटींनी ते एक्झिट जाळ्यातून हुसकावले.

निगा, स्थलांतर आणि निवृत्ती

रिले उभा राहिल्यावर टोरच्या डेटा फोल्डरातील ‘कीज’ या उपफोल्डराची प्रत एन्क्रिप्ट करून दुसरीकडे ठेवावी. रिलेची ओळख, म्हणजे त्याचे फिंगरप्रिंट आणि महिनोन्महिने कमावलेले शिक्के, या फाइलींना बांधलेले असतात. सर्व्हर बदलायची वेळ आली, तर नव्या सर्व्हरवर टोर बसवून सेवा थांबवावी, या फाइली योग्य मालकी आणि परवानग्यांसह तिथे ठेवाव्यात, जुना रिले कायमचा बंद करावा आणि मगच नवा सुरू करावा. दोन्ही एकाच वेळी चालू राहिले, तर एकच ओळख दोन पत्त्यांवरून जाहीर होते आणि ऑथॉरिटींच्या नोंदीत गोंधळ होतो. सर्व्हर जप्त झाला, कोणी त्यात शिरल्याचा संशय आला किंवा होस्टिंग कंपनीने डिस्क हाताळल्याचे कळले, तर मात्र जुन्या फाइली पुन्हा वापरू नयेत. टोरला ताबडतोब कळवून ते फिंगरप्रिंट यादीतून काढायला सांगावे आणि नव्या ओळखीने शून्यापासून सुरुवात करावी.

आठवड्यातून एकदा लॉगवर नजर टाकावी. महिन्यातून एकदा डेटाचा वापर बिलाशी ताडून पाहावा आणि आवृत्ती रिले सर्चवर शिफारस केलेली दिसते का ते बघावे. रिले पुन्हा सुरू करताना सेवा रीतसर थांबवावी. टोर अर्धा मिनिट नव्या जोडण्या न घेता चालू सर्किटांना आवरायला वेळ देतो. त्याला मधेच मारून टाकले, तर त्या क्षणी त्याच्यावर विसंबलेली सगळी सर्किटे तुटतात.

खर्च किंवा वेळ परवडेनासा झाला, तर रिले अर्धवट चालवत ठेवण्यापेक्षा तो बंद केलेला बरा. आधी ‘मायफॅमिली’तून त्याचे फिंगरप्रिंट आपल्या उरलेल्या रिलेंच्या फाइलींमधून काढावे, सेवा थांबवावी, ओळखीच्या फाइली सर्व्हरवरून आणि साठवलेल्या प्रतींमधून नष्ट कराव्यात, आणि उलट डीएनएस नोंद पुसून मगच पत्ता कंपनीला परत करावा, म्हणजे पुढच्या ग्राहकाच्या माथी टोरचे नाव राहणार नाही. एक्झिट बंद करणाऱ्याने संपर्काचे ईमेल खाते त्यानंतरही काही महिने वाचत राहावे, कारण जुन्या तारखांच्या तक्रारी आणि चौकशीची पत्रे उशिरा येतात, आणि त्यांना उत्तर द्यायला रिले चालवणारा माणूसच लागतो.